आक्रमणातील चिंताजनक घसरणीबाबत

आमच्या संघाने या मोसमात नऊ सामन्यांत एक गोल केला, आणि तोही समोरच्या बचावपटूने. बिचाऱ्याने चेंडू आपल्याच गोलकीपरकडे मागे ढकलला, आणि गोलकीपर त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता. तरी आम्ही अकरा जणांनी एकमेकांना अशा मिठ्या मारल्या की पंचांना शिट्टी वाजवून आम्हाला सोडवावं लागलं.

गेल्या मोसमात याच संघाने अकरा सामन्यांत तेवीस गोल केले होते. स्पर्धा म्हणजे काही विश्वचषक नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांची, गल्लोगल्लीच्या संघांची रविवारची साखळी स्पर्धा. पण घसरण ती घसरण. मैदान तेच, चेंडू तोच, गुडघे तेच. प्रशिक्षकही तेच, म्हणजे माझे सासरे. बदल म्हणाल तर एकच किरकोळ झाला होता. गेल्या वर्षी सोळा गोल करणाऱ्या पोस्टमनला सासरेबुवांनी मागे बचावात धाडलं आणि फॉरवर्डच्या जागी मला घेतलं. पण ते सोडा. मुद्दा प्रशिक्षकाचा आहे.

माझा खेळ जरा वरच्या दर्जाचा आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. चेंडूमागे धावणं हे काम कुणीही करतं. मी जागा घेतो. समोरच्या गोलपासून सहा पावलांवर, किंचित डावीकडे, मी उभा राहतो आणि चेंडू येण्याची वाट बघतो. त्यात पंच मला वारंवार ऑफसाइड देतात, पण तो त्यांच्या आकलनाचा प्रश्न आहे. समोरच्या संघांचे गोलकीपर मात्र माझ्याशी फार आदराने वागतात. एकाने तर मला त्याच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकिकत सांगितली.

नवव्या सामन्यात सासरेबुवांनी कहर केला. चेंडू माझ्यापासून वीस पावलांवरून जात होता, म्हणजे माझा त्याच्याशी काहीएक संबंध नव्हता, आणि हे रेषेबाहेरून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "जावईबापू, पळा!"

एकदा ओरडून थांबले असते तर मी मोठ्या मनाने सोडून दिलं असतं. पण प्रेक्षकांनी ते उचललं. पोराटोरांनी उचललं. बाकावर बसलेल्या दोन आजीबाईंनी उचललं. शेवटी समोरचा गोलकीपरसुद्धा हळू आवाजात म्हणाला, "पळा हो जावईबापू, एवढं म्हणतायत तर." सोमवारी ऑफिसात शिरलो तर लिफ्टमनने दार उघडून धरलं आणि म्हणाला, "पळा."

मी आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला नाही. माणसाची अब्रू अशी भर मैदानात काढली जाते तेव्हा लेखणी हाती घेण्यावाचून सभ्य गृहस्थाला गत्यंतर नसतं. जेवणाच्या सुट्टीत मी संघाच्या अध्यक्षांना एक निनावी पत्र टाइप केलं. विषय: संघाच्या आक्रमणातील चिंताजनक घसरणीबाबत. पानं तीन, मुद्दे अकरा. प्रशिक्षकांचे डावपेच जुनाट आहेत. ते खेळाडूंशी अनुदार भाषेत बोलतात. मुद्दा सातवा, ते सामना चालू असताना बाकावर बसून चक्क झोपतात, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. सबब प्रशिक्षक तातडीने बदलावेत. खाली सही केली, "एक फुटबॉलप्रेमी नागरिक". वाचून माझा मलाच अभिमान वाटला. इतकं मुद्देसूद पत्र निनावी जावं याचं थोडं वाईटही वाटलं.

पत्र पाकिटात घातलं, पाकीट डाकेत टाकलं आणि हात झटकून मोकळा झालो.

बुधवारी संध्याकाळी आम्ही चहाला बसलो होतो. सासरेबुवा वर्षभर आमच्याकडेच राहतात. खिडकीजवळची खुर्ची, जी पूर्वी माझी होती, तिच्यात ते बसतात, आणि त्यांची शिट्टी शेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. दारावरची बेल वाजली. बायको एक पाकीट घेऊन आली. "बाबा, तुमचं पत्र आहे."

पाकीट बघताच माझ्या घशात बिस्किट अडकलं. त्यावर माझं टाइपिंग होतं.

झालं असं होतं, की पत्राच्या शेवटी मी सवयीने लिहून गेलो होतो: "प्रत माहितीसाठी सविनय सादर: प्रशिक्षक." ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला प्रत गेलीच पाहिजे, हा आमच्या विभागाचा शिरस्ता. आणि प्रत लिहिली म्हणजे ती रवाना केलीच पाहिजे, हा माझा. माझ्याच हातांनी दुसरं पाकीट करून, त्यावर माझ्याच घराचा पत्ता घालून मी ते रवाना केलं होतं, आणि ते करताना मला यत्किंचितही शंका आली नव्हती. इतकं मन लावून काम करणारा माणूस सरकारला मिळतो, याची सरकारला कदर नाही.

सासरेबुवांचा चष्मा आत होता म्हणून बायकोने पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत तिचा चेहरा लाल झाला.

"कोण मेला हा नागरिक? माझ्या बापाला जुनाट म्हणतो! स्वतः कधी चेंडूला पाय लावला असेल का?"

"नसेल लावला," मी म्हणालो. एवढी खरी साक्ष मी त्या दिवसात दुसरी दिली नाही.

"आणि हे बघा, झोपतात म्हणे! समोर आला ना, तर दाखवते त्याला झोप म्हणजे काय ते."

सासरेबुवा शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर आत जाऊन चष्मा घेऊन आले, पत्र हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग परत वर बघितलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "जावईबापू, याला उत्तर द्यायला हवं. तुम्ही लिहाल का? तुमचा हात चांगला आहे."

सासरेबुवा आमच्याच विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मला रजिस्टर कसं धरायचं तेही त्यांनीच शिकवलं. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही. मी माझ्याच पत्राला उत्तर लिहायला बसलो, आणि खरं सांगतो, रंगून गेलो. मुद्दा एक ते अकरा, एकेकाचा असा समाचार घेतला की त्या नागरिकाने तोंड दाखवू नये. शेवटी फक्त एक वाक्य न्यायबुद्धीने घातलं: "घसरणीची जबाबदारी फॉरवर्ड वगळता इतर खेळाडूंची आहे." सासरेबुवांनी सगळं वाचलं आणि लाल पेन्सिलीने तेवढ्याच वाक्यावर काट मारली.

"खेळाडूंवर ढकलायचं नाही," ते म्हणाले. "कुणावरच नाही."

संघाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. सभा त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भरते, भिंतीवरच्या किडक्या दाढेच्या चित्राखाली. तक्रार आणि उत्तर, दोन्ही वाचून डॉक्टर भारावले. "दोन्ही बाजू किती समर्थपणे मांडल्यात!" ते म्हणाले. "आता चौकशी समिती नेमलीच पाहिजे. चिटणीस म्हणून आपले जावईबापू. कागदपत्रांत त्यांचा हात कोण धरणार?"

म्हणजे तक्रारदार मी, आरोपीचा वकील मी, आणि चौकशीचा चिटणीसही मीच. न्याय होणार यात शंकाच नव्हती.

डॉक्टरांनी मूळ पत्र माझ्या हातात दिलं, आणि ते फाइलला लावता लावता माझी पाचावर धारण बसली. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात, स्वच्छ टाइपात, लिहिलं होतं: जा.क्र. ४१७. खाली तारीख. निनावी पत्राला मी जावक क्रमांक घातला होता! नुसता घातला नव्हता. आमच्या ऑफिसच्या रजिस्टरात चारशे सतरा नंबरला, माझ्या वळणदार अक्षरात, त्याची रीतसर नोंद असणार होती. मी चहाचा कप उचलला आणि बरोबर त्या कोपऱ्यावर ठेवला. सभा संपेपर्यंत तो हलू दिला नाही. कुणाला संशय आला नाही. आमच्या गल्लीत निम्मी माणसं ऑफिसांतली आहेत. पत्राला क्रमांक नसता तर कदाचित ते त्यांच्या डोळ्यांवर आलं असतं.

पुढचे पंधरा दिवस अख्ख्या गल्लीला फुटबॉल कळू लागला. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, घसरण बुटांमुळे आहे. त्यांच्या बायकोने सांगितलं, जर्सीचा रंग मरगळलेला आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला रस्त्यात थांबवून शिस्तीचं महत्त्व सांगितलं. इस्त्रीवाला म्हणाला, चार-चार-दोन सोडा आणि चार-तीन-तीन घ्या, आणि हे म्हणताना त्याने माझा शर्ट जाळला. प्रशिक्षक बदलावा की नाही यावर गल्लीत दोन तट पडले. डॉक्टर बदलाच्या बाजूचे होते, कारण त्यांचा एक साडू टीव्हीवर फुटबॉल फार बघायचा आणि त्याला अनुभवाचं चीज करायचं होतं.

समितीत आमचे कप्तान होते, जे शिंपी आहेत, आणि विमेवाले होते, जे कुठल्याही गोष्टीचा तक्ता करतात. माणूस किती वर्षं जगेल हे ज्यांना सांगता येतं त्यांना गोल का होत नाहीत हे सांगता येणारच. त्यांनी नऊ सामन्यांत चेंडू कुठे कुठे गमावला याचा नकाशा आणला.

"एकूण एकाहत्तर वेळा आक्रमण वाया गेलं," विमेवाले म्हणाले. "त्यात अठ्ठावन्न वेळा एकाच जागी. समोरच्या गोलपासून सहा पावलं, किंचित डावीकडे."

"मैदानात तिथे खड्डा असणार," मी तत्परतेने म्हणालो.

लगेच पाहणी ठरली. शनिवारी आम्ही तिघे मैदानावर गेलो. माळीबुवांनी गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. शिंप्याने गळ्यातली टेप काढून सहा पावलं मोजली. जमीन अगदी सपाट निघाली. माळीबुवांना ते फार लागलं. "वीस वर्षं ही जमीन सांभाळतोय," ते म्हणाले, "तिच्यात खोट काढायला आलात होय?"

विमेवाले नकाशाकडे बघत डोकं खाजवत होते. "अजून एक चमत्कार आहे. मध्यंतरानंतर आपण बाजू बदलतो ना, की हा दोषही पलीकडच्या टोकाला जातो. परत सहा पावलं, परत किंचित डावीकडे."

शिंप्याने टेप गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं. विमेवाल्यांनी बघितलं. माळीबुवांनीसुद्धा पाणसळीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मी अहवालात नोंद केली: "दोष फिरता आहे." यापेक्षा प्रामाणिक चिटणीस त्यांना कुठे मिळाला असता, मला माहीत नाही.

अहवाल सभेपुढे आला तेव्हा दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. सासरेबुवा कोपऱ्यात ताठ बसले होते. गळ्यात शिट्टी. शिंपी उठून उभा राहिला. त्याला सासरेबुवांबद्दल आदर होता, त्यामुळे तो जमिनीकडे बघत बोलला.

"काका, एकच विचारतो. गेल्या वर्षी पोस्टमन पुढे होता, गोल होत होते. या वर्षी तुम्ही त्याला मागे घातलंत. का घातलंत ते सांगा. कारण पटलं तर हा विषय इथेच संपला."

मी कान टवकारले. माझ्या खेळाची जाहीर वाखाणणी होणार, अशी माझी खात्री होती.

सासरेबुवांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कुणी कुठे खेळायचं ते मी ठरवलं. कारण माझं मला माहीत आहे, ते सांगणार नाही. ते चुकलं असं वाटत असेल, तर चूक माझी. खेळाडूची नाही."

आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी साडूला फोन लावला.

मी जिंकलो होतो. अकराच्या अकरा मुद्दे मान्य झाले होते. घरी येताना सासरेबुवा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते, आणि मला त्यांच्या मानेवर, शिट्टीच्या दोरीचा इतक्या महिन्यांत उमटलेला फिकट पट्टा दिसत होता. तो मी उगीच बघितला.

दुसऱ्या दिवसापासून सासरेबुवा खुर्चीत बसून राहू लागले. पूर्वी पहाटे उठून व्यायाम करायचे, कागदावर गोल आणि बाण काढत बसायचे, जेवताना मीठ-साखरेचे डबे हलवून डावपेच समजवायचे. आता ते सगळं बंद. खिळा मोकळा. विचारलं तर म्हणायचे, "बरा आहे की." चार दिवसांत मला त्या घरात बसवेना.

"झालं का समाधान तुमच्या त्या नागरिकाचं?" बायको स्वयंपाकघरात मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आई गेल्यापासून पहिल्यांदा हसायला लागले होते ते."

"पण त्यांनी पोस्टमनला का हलवलं ते सांगायचं ना! मी काही म्हटलं नव्हतं मला पुढे घ्या."

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

मी हातातला पेला ओट्यावर ठेवला.

"तुमची साखर किती होती आठवतं? आपले घरचे डॉक्टर म्हणाले होते, धावलं पाहिजे. तुम्ही चालायलासुद्धा तयार नव्हता. राखीव म्हणून बसवलं असतं तर तुम्ही दुसऱ्या रविवारी अंगदुखी काढून घरी बसला असता. पुढे खेळवलं तरच जाल, तुमचा मान राहील, म्हणून मी बाबांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, संघाचं वाटोळं होईल गं. मग म्हणाले, होऊ दे. म्हणून तर सारखे ओरडायचे, पळा पळा म्हणून."

"आणि सभेत का नाही सांगितलं?"

"सांगून काय म्हणायचं होतं त्यांनी? की माझ्या जावयाला खेळता येत नाही?"

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. ती कुठल्या शब्दांनी सजवून सांगता येत नाही. वाटली एवढं खरं. आणि तरीही, माणूस किती नग असतो बघा, मनाच्या एका कोपऱ्यात "खेळता येत नाही" हे वाक्य टोचतच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा टाइप करायला बसलो. या वेळी पान एक, मुद्दे दोन. एक: आक्रमणातील घसरण मी स्वतः आहे. दोन: प्रशिक्षकांनी ती माझ्या प्रकृतीसाठी जाणूनबुजून सहन केली. खाली सही, पूर्ण, हुद्द्यासकट. जा.क्र. ४६३. आणि वर, काळजीपूर्वक, रीतसर: "संदर्भ: माझे पत्र जा.क्र. ४१७."

डॉक्टरांनी ते सभेत वाचलं. संदर्भापाशी अडखळले. फाइल काढली, मूळ पत्र उघडलं, चहाच्या डागाखाली बोटाने चाचपलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की न विचारता अक्कलदाढ काढतील. शिंपी मात्र एकाएकी हसायला लागला. इतका हसला की विमेवाल्यांना त्याला पाणी द्यावं लागलं. साडूने दोन सराव घेतले होते आणि दोन्ही वेळा तो टीव्हीच नसल्यामुळे गोंधळला होता, त्यामुळे त्याची कुणी फारशी समजूत काढली नाही. सगळी समिती उठून आमच्या घरी आली आणि शिट्टी सासरेबुवांच्या हातात ठेवली.

मी नागरिक आहे हे बायकोला त्याच वेळी, समितीसमोर कळलं. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यासाठी काही निरोप असला तर तो सासरेबुवांना सांगायची, आणि ते मला सांगायचे.

रविवारी संघाची यादी लागली. पोस्टमन पुढे. माझं नाव कुठेच नव्हतं, राखीवमध्येसुद्धा नाही.

"आता तुम्ही स्वतःच लेखी दिलंत," सासरेबुवा म्हणाले. "मला पोरीला काही सांगायला नको. पण साखर आहेच. मैदानाला बाहेरून फेऱ्या मारायच्या. बारा."

पोस्टमनने तीन गोल केले. पहिला मी तिसऱ्या फेरीत, झाडाच्या आडून बघितला. दुसरा दिसला नाही. तिसऱ्याच्या वेळी मी समोरच्या गोलमागून जात होतो, आणि मुलीच्या लग्नाची हकिकत सांगणारा तो गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढता काढता मला म्हणाला, "तुम्ही आत होतात तेच बरं होतं हो." मोसमभरात माझ्या खेळाचं कौतुक केलं ते एवढ्या एकाच माणसाने.

सामना संपल्यावर मी धापा टाकत बाकावर टेकलो. सासरेबुवा शेजारी येऊन बसले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझं पहिलं पत्र, त्यांच्याकडे आलेली प्रत. कोपऱ्यातल्या क्रमांकाला लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला त्यांच्या जुन्या वळणात लिहिलं होतं, "पाहिले". खाली तारीख. ज्या बुधवारी चहाच्या वेळी ते आलं, त्याच दिवसाची.

मी तारीख दोनदा वाचली. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून... आणि तरी सभेत..."

"क्रमांक बरोबर घातलात. प्रतही पाठवलीत," ते म्हणाले. "शिकवलेलं वाया गेलं नाही. बाकी मुद्देही ठीक होते. फक्त सातवा खोटा आहे."

"बाबा, चुकलं माझं."

"मी सामन्यात कधी झोपलो नाही, जावईबापू. तुमच्याकडे चेंडू आला की डोळे मिटून घ्यायचो. बघवत नसे." त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली. "उठा. दोन फेऱ्या राहिल्यात."